बा कासोंडेंची लॉरी आणि लूसेची गाडी

कापिरी म्पोशी गावात मोठ्या रस्त्याला लागून आमची दोन घरं, एक माझं, एक बा कासोंडेंचं. मधे एरंडाचं कुंपण, आणि त्या कुंपणाला आमच्या कोंबड्यांनी पाडलेली भोकं. मी ओसरीत शिवणयंत्र मांडून बसते. शाळेचे गणवेश, चितेंगेच्या छापील कापडाचे झगे, चर्चमधल्या बायकांचे पांढरे सदरे, काही ना काही हाताखाली असतं. तिथून बा कासोंडेंचं अर्धं अंगण दिसतं आणि त्यांच्या घरातलं बोलणं नको म्हटलं तरी कानावर येतं.

बा कासोंडेंनी उभं आयुष्य लॉरी चालवली. खाणीतलं तांबं भरायचं, दार-ए-सलामच्या बंदरावर उतरवायचं, आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन परतायचं. घरी आले तरी टिकायचे नाहीत. आंघोळ करून मक्याच्या पिठाचा शिमा खाल्ला की चालले ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर गप्पा मारायला. त्यांची बायको मुबांगा म्हणायची, "माझं लग्न त्या लॉरीशी लागलंय, हे अधूनमधून तिच्यातून उतरतात एवढंच."

मग म्पिकाच्या पुढच्या उतारावर लॉरी उलटली. माणूस वाचला, पण पाठीचा कणा गेला आणि कमरेखालचं सगळं मेलं. इस्पितळातून आणल्यावर मुबांगाने त्यांचा पलंग पुढच्या खोलीत, दारासमोर टाकला. उजेड येईल, येणारं-जाणारं कुणी दिसेल, म्हणून. त्या पलंगावरून त्यांना दाराची चौकट दिसायची, अंगणाचा एक पट्टा आणि पाण्याचा नळ. रस्ता दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. दिवसभर लॉऱ्या जात आणि ते पडल्या पडल्या बोलत, "भरलेली आहे. गिअर बदल, गाढवा, गिअर बदल!" सुरुवातीला जुने सोबती भेटायला येत. येऊन येऊन किती येणार? ते थांबले तसे बा कासोंडे पण कमी बोलू लागले. कसे आहात विचारलं तर ठरलेलं उत्तर, "इंजिन शाबूत आहे. मागची चाकं गेली."

त्यांची मुलगी म्विला लुसाकात एका रुग्णालयात साफसफाईचं काम करते. तिची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. तिने आपलं लेकरू आईकडे आणून ठेवलं. लूसे तेव्हा नुकती दोन वर्षांची झालेली. गोल डोकं, पोट पुढे, आणि पायाला भिंगरी. मुबांगा स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये स्वयंपाकाला जायची. लूसेला पाठीला बांधून न्यायची, तोवर ठीक चाललं. पण पोर पाठीवर राहीना, उतरून पाहुण्यांच्या खोल्यांत शिरून साबण चाखू लागली, तसं मालकिणीने सांगितलं, "तू ये. ही नको."

काम सोडून भागणार नव्हतं. लूसे घरी राहिली, आजोबांपाशी.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं रडणं थांबेना म्हणून मी यंत्र सोडून गेले. बघते तर लूसेच्या कमरेला चितेंगे बांधलेलं आणि त्याचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला. पोर कापड ताणून दाराकडे झेपावतेय, कापड तिला मागे ओढतंय.

"हे काय, बा कासोंडे! शेळी आहे का ती?"

"मग मी काय आहे?" ते म्हणाले. "एका दाव्याला दोघं बांधलोय. तिची गाठ संध्याकाळी सुटते तरी."

"पण असं..."

"नाहीतर काय करू, सांग. ती दारातून बाहेर गेली तर मी काय करू? गाणं म्हणू?"

मी लूसेला सोडलं, कडेवर घेऊन माझ्या ओसरीत आणलं. पण माझंही यंत्र चालू, सुया, कात्री, इस्त्रीचे निखारे. तिने तासाभरात दोन बोटं भाजून घेतली. तिला पुन्हा पोचवावं लागलं. त्या दिवशी मीच माझ्या हाताने तिला परत बांधलं.

आठवडा असाच गेला. मग एकदा मी त्यांना पाणी द्यायला गेले, तर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यावर कुठल्याशा देशातला एक बाप खुर्चीत बसून खेळण्यातली गाडी लांबून चालवत होता आणि त्याचं पोर तिच्यामागे धावत होतं.

"चोलाची आई," माझ्या लेकराच्या नावाने मला हाक मारत ते म्हणाले, "कापड आणायला काब्वेला कधी जाणार तू?"

"शनिवारी. का?"

"मला असली एक गाडी आण. रिमोटची."

"तुम्हाला?"

"लूसेला!" ते जरा मोठ्यानेच म्हणाले. "ती गाडीमागे जाईल. गाडी मी वळवीन तिकडे वळेल. मग कशाला हवं ते कापड? मला पाय नसतील, पण तिला हाकायला चाकं तर मिळतील."

मुबांगा शेगडीवर भोपळ्याचा पाला शिजवत होती. ती तिथूनच म्हणाली, "मुलीला गाडी कशाला? बाहुली आणा की."

"बाहुली चालत पलंगापर्यंत येईल का?"

मुबांगाने हात हवेत उडवले. मग त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, आणि किती दिवसांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला, क्लीनरला सूचना देतानाचा. "नीट ऐक. फार पळणारी नको, पोरीच्या घोट्यावर आदळेल. चाकं रुंद हवीत, आमची जमीन उखडलीय. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी बॅटरी तोंडात जाईल. टोकदार काही नको, उपटून येणारं काही नको. आणि दुकानात जमिनीवर चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. डब्यातली गाडी म्हणजे फोटोतली नवरी."

"तुम्हीच या ना बघायला," मी थट्टेत बोलून गेले आणि जीभ चावली.

ते हसले. "येतो ना. फोनवर येतो."

काब्वेच्या त्या दुकानात छतापर्यंत माल. बादल्या, चादरी, घड्याळं, आणि पार वर खेळणी. विकायला मेमोरी नावाची तरणी मुलगी होती. मी फोन तिच्यापुढे धरल्यावर ती म्हणाली, "मावशी, हे कोण?"

"गिऱ्हाईक हे आहेत. मी नुसती हमाल."

मेमोरीने एक पिवळी गाडी काढली. रबरासारखी मऊ, कडा गोल, डोळे रंगवलेले, आणि रिमोटला दोनच मोठी बटणं. जमिनीवर सोडली तर भरल्या पोटाच्या बदकासारखी चालायला लागली. मला आवडली. बा कासोंडे मात्र फोनमधून झडती घेत होते. "मागे घे. आता वळव. चाकं दाखव. झाकणाला स्क्रू आहे? फिरवून बघ." दुकानातली चार माणसं भोवती जमली. एक जण म्हणाला, "आजोबा, गाडी घेताय की सून?"

"सुनेची एवढी चौकशी करून काय उपयोग, ती शेवटी मुलाचंच ऐकणार," फोनमधून उत्तर आलं आणि सगळे हसले.

"मग हीच बांधू?" मेमोरीने विचारलं.

"थांब." आवाज बदलला. "चोलाची आई, फोन जरा वर धर. त्या घड्याळांच्या मागे काय आहे?"

मेमोरी शिडीवर चढली. खाली आणली तेव्हा ती लॉरी होती. पुढे चपटं नाक, मागे लांब ट्रेलर, पुढचे दिवे पेटायचे, आणि भोंगा खऱ्या लॉरीसारखा. केबिनचा रंगसुद्धा त्यांच्या लॉरीचाच, निळा. मला वाटलं, लाइन तुटली.

"बा कासोंडे?"

"वाजव," ते म्हणाले.

मेमोरीने भोंगा वाजवला. दुकान दणाणलं.

"डब्यावर सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी लिहिलंय," मी म्हटलं.

"डब्यावर लिहिणारा लूसेला ओळखतो का?"

"केवढी मोठी आहे. ती पिवळी बरी होती, मऊ होती..."

"चोलाची आई," ते हळू म्हणाले, "ही आण."

मी आणली. आणखी काय करणार?

संध्याकाळी मुबांगा, मी, माझा नवरा, सगळे पुढच्या खोलीत जमलो. बा कासोंडेंना उशा लावून उठवून बसवलं होतं. रिमोट त्यांच्या हातात असा बसला की जणू तो हात त्यासाठीच राखून ठेवला होता. लॉरी जमिनीवर ठेवली, त्यांनी दिवे लावले, आणि ट्रेलर न धडकवता पाण्याच्या पिंपाला वळसा घालून, पलंगाखालून, मुबांगाच्या पायांमधून काढून दाखवली. माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. इतकं हसू त्या चेहऱ्यावर आम्ही अपघातानंतर पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी ती लूसेकडे नेली. सरळ तिच्या समोर, आणि भोंगा वाजवला.

लूसे आधी थिजली. मग किंचाळली. भिंतीला पाठ लावून सरकत सरकत पिंपामागे गेली आणि तिथे तिने चड्डी ओली केली. बा कासोंडे "अगं, लॉरी ती, आपली लॉरी!" म्हणत तिला समजावायला म्हणून आणखी जवळ नेऊ लागले.

"बंद करा!" मुबांगा ओरडली. तिने नातीला उचललं आणि उंबरठ्यात उभी राहून नवऱ्याकडे वळली. "लेकरासाठी आणलीत की स्वतःसाठी?"

बा कासोंडेंनी रिमोट उशीखाली ठेवला.

वाईट गोष्ट पुढेच झाली. लूसे लॉरीला भ्यायली ती भ्यायलीच, पण लॉरी ज्यांच्या हातातून आली त्या आजोबांनाही भ्यायली. आधी ती पलंगाशी यायची, त्यांची बोटं धरायची, आजोबांना म्हणायचं "शिकुलू" जमत नाही म्हणून "कुलू, कुलू" करायची. आता येईना. मुबांगा कामाला जाताना तिला बांधून जायची, आणि पोर कापडाच्या अगदी शेवटच्या टोकाला, ताणून, आजोबांपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसायची. रताळं पुढे केलं तरी घ्यायची नाही. ते हात लांब करून बसलेले, ती तिकडे भुकेली बसलेली, मधे तीन पावलांची जमीन. एकदा मी गेले तेव्हा रताळं जमिनीवर पडलेलं, त्याला मुंग्या लागलेल्या, आणि दोघंही रडून थकलेली. लूसेचं कळत होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं म्हणून त्यांचं मी पाठीवरून ओळखलं.

त्यांनी खूप केलं. माझ्या नवऱ्याकडून लॉरी उघडवून भोंग्याची तार तोडली. दिव्यांवर चिकटपट्टी लावली. उपयोग झाला नाही. शेवटी लॉरी कपाटावर गेली.

"मला ती दिसली आणि बाकीचं दुकान दिसेनासं झालं," ते एकदा मला म्हणाले. "तू सांगत होतीस. ऐकूसुद्धा येत होतं."

मी पुन्हा काब्वेला निघाले तेव्हा मुबांगा म्हणाली, "लूसेला घेऊन जा. तिला काय हवं ते ती बघेल." पैसे तिने शिमाच्या पिठाच्या डब्यात ठेवलेले काढून दिले. नवऱ्याला विचारलं नाही, पण ऐकू जाईल असं बोलली.

मी लूसेला पाठीला बांधलं. बा कासोंडे म्हणाले, "मी फोनवर येणार नाही."

"बरं."

"म्हणजे, लाव फोन. मी बोलणार नाही."

मेमोरीने मला ओळखलं. "मावशी, उघडलेली वस्तू आम्ही परत घेत नाही हं."

"परत करायला नाही आले. या वेळी गिऱ्हाईक खरं आणलंय."

लूसेला खाली सोडलं. तिने आधी एक बादली निवडली. मग एक प्लास्टिकची चप्पल, तीही एकच. मेमोरीने तिच्यापुढे उड्या मारणारा बेडूक ठेवला, ती माझ्या पायामागे लपली. लाल शर्यतीची गाडी सुटली तेव्हा तर माझा झगा गच्च धरला. मग पिवळी आली. मेमोरी शहाणी मुलगी, तिने गाडी लूसेकडे नेलीच नाही. तोंड फिरवून ठेवली आणि पलीकडे जाऊ दिली. डुलत डुलत, घुर्र घुर्र करत ती चालली. लूसेने मान वाकडी करून पाहिलं. मग उकिडवी बसून पाहिलं. गाडी बादल्यांच्या मागे दिसेनाशी झाली, तशी ही उठली आणि तिच्यामागे गेली.

फोनमधून इतका वेळ आवाज नव्हता. आता हळूच आला, "हां. पुढे पळते त्याच्यामागे ती जाते. अंगावर येतं त्याच्या नाही."

"तुम्ही बोलणार नव्हतात."

"मी बोललो कुठे?"

लूसेने तो आवाज ओळखला. गाडी पोटाशी धरून ती फोनकडे आली आणि किती दिवसांनी म्हणाली, "कुलू?" बा कासोंडेंनी फोन ठेवून दिला. रेंज गेली असं पुढे ते सांगत, पण मुबांगा तेव्हा शेजारी होती.

पुढचे काही आठवडे चांगले गेले. बा कासोंडे ती गाडी लूसेपासून दूर न्यायचे, थांबवायचे, ती हात लावणार एवढ्यात दोन विती पुढे. असं करत करत पलंगाशी आणायचे, आणि गाडी उचलायला वाकलेल्या पोरीला हात धरून वर ओढायचे. भरवायचं, नाक पुसायचं, झोपवायचं, सगळं त्या गाडीच्या आमिषावर. मुबांगाने चितेंगे धुऊन घडी घालून ठेवलं. दुपारी मी डोकावले तर लूसे त्यांच्या छातीवर झोपलेली असायची, गाडी दोघांच्या मधे. ते जागेच. पाठ दुखायची, कूस बदलता यायची नाही, पण हलत नसत.

"खाली ठेवू का तिला?" मी विचारायची.

"राहू दे. माझी कुठे गाडी सुटतेय?"

घर मात्र तेच होतं. तीच चौकट, तोच अंगणाचा पट्टा. पोर वाढत होती, तिला खोली पुरेना. ती दाराकडे बघायची, तेही बघायचे.

एके दिवशी सकाळी गाडी उंबरठ्यापर्यंत गेली. रोजच जायची, तिथून ते मागे वळवायचे. त्या दिवशी बोट जास्त दाबलं गेलं की बटण अडकलं, गाडी उंबरठा ओलांडून पायरीवरून खाली अंगणात पडली, आणि पडली ती चाकांवरच. लूसेने टाळी वाजवली. पायरीवर बसून, ढुंगणाने सरकत, तीही खाली उतरली.

बा कासोंडेंनी मागचं बटण दाबलं. गाडी पायरी कशी चढेल? नळाच्या बाजूला तरी दिसत राहावी म्हणून त्यांनी ती वळवली, तर ती उलट बाजूला गेली, त्यांच्या नजरेबाहेर. लूसेही तिच्यामागे नजरेबाहेर गेली. मग बटणं दाबून काहीच ऐकू येईना, कारण इतक्या लांब रिमोट पोचतच नव्हता. कोळसेवाला नुकताच पोतं टाकून फाटक उघडं ठेवून गेला होता, हे त्यांना आवाजावरून माहीत होतं.

त्यांनी मला हाक मारली. माझं यंत्र चालू होतं, मी जाड कापडावर जोर लावून शिवत होते. मला ऐकू आलं नाही. त्यांनी दुसरी, तिसरी, किती हाका मारल्या कोण जाणे. मग रस्त्यावर एका लॉरीने करकचून ब्रेक लावले. ते मला ऐकू आलं, आणि त्यापाठोपाठ त्यांचा आवाज. माणसाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी कुंपणातून घुसून धावले. लूसे भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे, धुण्याच्या बादलीपाशी बसली होती, गाडीला आंघोळ घालत. लॉरी कुणाच्या तरी शेळीसाठी थांबली होती. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि शेळी आरामात पलीकडे चालली होती.

मी पोरीला उचलून दारात आले आणि बा कासोंडे दिसले. ते पलंगावर नव्हते. त्यांनी स्वतःला खाली टाकलं होतं आणि कोपरांवर, पाय ओढत, उंबरठ्यापर्यंत आले होते. कोपरं सोलून निघाली होती. हनुवटी उंबरठ्यावर टेकलेली. तिथून पुढे पायरी होती, आणि तिथून पुढे त्यांना जाता येत नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "आहे, बा कासोंडे, ही बघा. ओली आहे फक्त."

त्यांनी तिचा पाय धरला आणि किती वेळ सोडला नाही. कोळसेवाला धावत आला, त्याने आणि मी मिळून त्यांना वर घातलं. मी जखमा धुतल्या. मुबांगाला निरोप पाठवला. ती येईपर्यंत ते छताकडे बघत होते. ती दारात येताच म्हणाले, "खुर्ची काढ."

त्या खुर्चीबद्दल मी सांगितलं नाही, कारण त्या घरात तिचं नाव कुणी काढत नसे. चाकांची खुर्ची. चर्चच्या बायकांनी अपघातानंतर आणून दिली होती. बा कासोंडेंनी एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले होते, "मी रस्त्याच्या वर बसायचो. लोकांच्या गुडघ्याइतक्या उंचीवरून फिरायला मी काही कुत्रा नाही." मुबांगाने विनवण्या केल्या, भांडली, शेवटी तिने हात टेकले. खुर्ची मागच्या छपरात गेली. आता आम्ही ती काढायला गेलो तर आमची काळी कोंबडी तिच्यात अंडी उबवत होती.

"आठवडाभर थांबावं लागेल," मी म्हटलं.

"कोंबडीला पाय आहेत," आतून आवाज आला. "तिला म्हणावं, दुसरीकडे जा."

माझ्या नवऱ्याने पायरीवर सिमेंटचा उतार घातला. मुबांगा घमेल्यात सिमेंट कालवत होती आणि बडबडत होती, "एवढी वर्षं मी डोकं फोडलं. माझ्यासाठी नाही, चर्चसाठी नाही. साबण खाणाऱ्या कार्टीसाठी मात्र!" तोंडाचा पट्टा चालू होता आणि डोळे गळत होते. लूसेने ओल्या सिमेंटमध्ये दोन्ही हात बुडवले.

बा कासोंडे पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा त्यांनी डोळ्यांवर हात धरला. अंगण वाळूचं. खुर्चीची चाकं चार हातांवर रुतली. त्यांनी हाताने जोर लावला, आणखी रुतली. मुबांगाने आणि मी ढकलून त्यांना फाटकाशी नेलं आणि खुर्चीची पाठ फाटकाला लावली, म्हणजे ते उघडायचंच नाही.

"तोंड रस्त्याकडे करून बसवू का?" मुबांगाने विचारलं. "लॉऱ्या दिसतील."

"नको. माल इकडे आहे," ते म्हणाले आणि लूसेकडे बोट केलं.

त्या दिवसापासून फाटकाची कडी तेच. सकाळी मुबांगा त्यांना तिथे लावून कामाला जायची. कुणी आलं तर बाहेरून हाक मारायचं आणि माझ्या अंगणातून कुंपणाच्या भोकाने आत यायचं. आमच्या पाळकसाहेबांनासुद्धा वाकून यावं लागलं. पाठीमागून लॉऱ्या जायच्या, ते मान वळवायचे नाहीत. पिवळी गाडी वाळूत दोन हात जायची आणि अडायची, लूसे ती उचलून पुढे ठेवायची.

पण बसवलं तिथेच बसायचं, हे काही बदललं नाही. ऑक्टोबरात एकदा मी बाजारात अडकले. आले तेव्हा भिंतीची सावली कधीच सरकून गेली होती आणि बा कासोंडे रखरखीत उन्हात होते. चाकं वाळूत, हाताने ढकलून ढकलून खाली खड्डे पडलेले. सदरा घामाने चिकटलेला. डोक्यावर लूसेची आंघोळीची लाल परात होती, तिने घातलेली. ती स्वतः खुर्चीखालच्या एवढ्याशा सावलीत बसून गाडीला माती भरवत होती.

"अहो, हाक तरी मारायची!"

"कुणाला? तू नव्हतीस. शेळीला मारू?"

मी त्यांना ओढून भिंतीशी नेलं, पाणी पाजलं. ओठ फुटले होते. संध्याकाळी मुबांगाने ते पाहिलं आणि ती माझ्यावर, स्वतःवर, उन्हावर, सगळ्यांवर चिडली. "उद्यापासून आत. पलंगावर. बास झालं."

बा कासोंडेंच्या मांडीवर, त्यांना न जाणवणाऱ्या मांडीवर, लूसे डोकं ठेवून झोपली होती.

"सकाळी फाटकाशी लाव," ते म्हणाले. "दुपारी चोलाची आई मला त्या दुसऱ्या भिंतीच्या सावलीला नेईल, फाटकाला तेवढा वेळ दोरी बांधून. नेशील ना गं?"

"आणि मी नसले तर?"

"तर परात आहे," ते म्हणाले.